चार जीबी घातली, सव्वातीन दिसली

कॅबिनेटचा पत्रा नुसता टेकवून ठेवला होता, स्क्रू अजून टेबलावरच होते. आधी चालतंय का बघू, म्हणून बटण दाबलं. रॅमच्या एक-एक जीबीच्या दोन पट्ट्या मदरबोर्डवर आधीपासून होत्या, तशाच आणखी दोन त्या दिवशी बसवल्या होत्या. चालू होताना काळ्या पडद्यावर ४०९६ एमबी असा आकडा चमकून गेला. झालं काम, असं मनात म्हटलं. मग विंडोज एक्सपी सुरू झालं, 'माय कॉम्प्युटर'च्या प्रॉपर्टीज उघडल्या, आणि तिथे लिहिलं होतं ३.२५ जीबी.

ही २०१० च्या आसपासची गोष्ट. यंत्र तेव्हाच चार-पाच वर्षांचं, ड्युअल-कोअर प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड. वाईट नव्हतं, पण ब्राउझर आणि फोटोंचा प्रोग्राम एकत्र उघडले की हार्ड डिस्क दळण दळायला लागायची. रॅम वाढवणं हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय, आणि चार जीबीवर मदरबोर्डची मजल संपत होती. म्हणून चार.

पहिला संशय अर्थातच नव्या पट्ट्यांवर. विकणाऱ्याने काहीतरी गळ्यात मारलं, असं मी पुराव्याशिवाय ठरवूनही टाकलं. पट्ट्या काढल्या, सोनेरी कडा खोडरबराने घासल्या, पुन्हा बसवल्या. ३.२५. जागा अदलाबदल केल्या. ३.२५. मग एकेक पट्टी एकटी लावून पाहिली; प्रत्येक वेळी अचूक एक जीबी. दोन लावल्या की दोन, तीन लावल्या की तीन. चौथी लावली की मात्र पाव. आणि यातली गंमत अशी की कोणतीही पट्टी चौथी म्हणून घातली तरी ती पावच भरायची. नवी असो वा जुनी. एवढं झाल्यावर पट्ट्यांवरचा आणि विकणाऱ्यावरचा आळ मागे घ्यावा लागला. दोष कुठल्या एका वस्तूत नव्हता, मोजण्यात कुठेतरी होता.

ओळखीच्या लोकांना विचारलं तर प्रत्येकाकडे उपाय तयार. एकाने सांगितलं, 'एमएसकॉन्फिग'मध्ये कमाल मेमरीचा चौकोन आहे, तिथे ४०९६ लिही. लिहिलं, काही नाही. (नंतर कळलं की तो चौकोन मेमरी वाढवायला नसून मुद्दाम कमी करून चाचणी घ्यायला आहे.) दुसऱ्याने सांगितलं की 'बूट डॉट आयएनआय' या फाइलमध्ये 'थ्रीजीबी' असा स्विच घालायचा. हा उपाय तर आजारापेक्षा जालीम निघाला. यंत्र सुरू झालं ते ६४० बाय ४८० च्या अवाढव्य चिन्हांसह, मोजक्या रंगांत, जणू ग्राफिक्स कार्ड काढूनच घेतलंय. ३२-बिट विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्रामला चार जीबीचा आपापला आभासी पसारा मिळतो; त्यातला खालचा अर्धा प्रोग्रामचा, वरचा अर्धा खुद्द सिस्टीमचा. त्या स्विचने ही वाटणी तीन-एक अशी होते. सिस्टीमची जागा निम्म्यावर आली आणि ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला, पाय ठेवायला ठिकाण उरलं नाही. बसवलेल्या रॅमचा या वाटणीशी काडीचा संबंध नाही. दुखणं डोक्याचं आणि लेप गुडघ्याला. ती ओळ खोडली.

तिसरा स्विच 'पीएई', म्हणजे 'फिजिकल अ‍ॅड्रेस एक्स्टेंशन'. हा घातल्यावर काहीच फरक पडला नाही, कारण नीट पाहिलं तर प्रॉपर्टीजच्या त्याच खिडकीत, ३.२५ च्या खालच्या ओळीत, तेच शब्द आधीपासून लिहिलेले होते. म्हणजे जे चालू करायला मी धडपडत होतो ते चालूच होतं. हे कोडं तेव्हा सुटलं नाही. सुटलं ते बरंच नंतर; त्याच्याकडे येतो.

शेवटी सगळ्यांचं एकमत झालं: "अरे, ३२-बिटला सव्वातीनच दिसतात. ६४-बिट टाक." प्रोसेसर ६४-बिट चालवू शकत होता. मग एक्सपीची हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवली, दुसरी डिस्क लावली आणि ६४-बिट विंडोज ७ टाकलं. ड्रायव्हर, अपडेट, पुन्हा सुरू, पुन्हा अपडेट. सुट्टीचा दिवस त्यातच गेला. संध्याकाळी प्रॉपर्टीज उघडल्या. स्थापित मेमरी ४.०० जीबी. आणि लगेच पुढे कंसात: वापरण्याजोगी ३.२५.

मी त्या कंसाकडे किती वेळ बघत बसलो ते सांगत नाही.

त्या रात्री मामाला फोन केला. मामाने डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीमच्या, काळापासून संगणकांवर काम केलेलं. निवृत्तीनंतर त्याला असे प्रश्न विचारले की तो खुलतो. सगळं ऐकून घेऊन त्याने एकच विचारलं, "ग्राफिक्स कार्ड कुठे सुरू होतं ते पाहिलंस का?"

"कुठे म्हणजे? स्लॉटमध्ये आहे."

"स्लॉट नाही रे. पत्ता. डिव्हाइस मॅनेजर उघड, व्ह्यू मेनूत जा, रिसोर्सेस बाय टाइप, मग मेमरी. यादी येईल ती वाच."

यादी आली. आठ-आठ आकडी सोळामानातल्या (हेक्साडेसिमल) संख्या, इथून तिथपर्यंत, आणि प्रत्येकीपुढे कुणाचं तरी नाव. ग्राफिक्स कार्डापुढे होतं डी०००००००. मी वाचून दाखवलं.

"डी म्हणजे किती?"

सोळामानात नऊनंतर ए दहा, बी अकरा, सी बारा, डी तेरा. "तेरा."

"आठ आकडी पत्त्यातला पहिला आकडा एकाने वाढला की २५६ एमबी पुढे जातोस. तेरा गुणिले २५६ कर."

३३२८. आणि ३३२८ एमबी म्हणजे बरोबर सव्वातीन जीबी. मी कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून पाहिलं, विश्वास नव्हता म्हणून नाही, बरं वाटलं म्हणून.

मग मामाने सांगितलं ते असं. ३२ बिटांत ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ वेगवेगळ्या संख्या लिहिता येतात, एवढाच चार जीबीचा अर्थ. ही पत्त्यांची संख्या झाली. ते सगळे पत्ते रॅमलाच मिळावेत असं कुठेही ठरलेलं नाही. ग्राफिक्स कार्ड, साउंड, नेटवर्क, यूएसबी, सगळ्यांशी प्रोसेसर बोलतो तो पत्त्यांवरूनच. अमुक पत्त्यावर लिही म्हटलं की ते रॅममध्ये जाईल का कार्डावर, हे त्या पत्त्याचा मालक कोण यावर ठरतं. एका पत्त्याला दोन मालक चालत नाहीत. तेव्हा वरचे पत्ते उपकरणांच्या नावावर गेले की त्या पत्त्यांमागची रॅम पट्टीवर जिवंत असते, पण तिला हाक मारायला क्रमांक राहत नाही.

यादी पुढे वाचत गेलो. डीचा अख्खा पट्टा, २५६ एमबी, ग्राफिक्स कार्डाचा. कार्डावर स्वतःची मेमरी होती. तिच्यापर्यंत पोचायची ही खिडकी. म्हणजे 'ग्राफिक्स कार्ड रॅम खातं' हा माझा समज चुकीचा होता. ते रॅम खात नव्हतं, पत्ते अडवत होतं. ईचा पट्टा, तोही २५६ एमबी, 'मदरबोर्ड रिसोर्सेस' अशा गुळमुळीत नावाखाली. तो पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्डं जोडण्याच्या व्यवस्थेच्या, नोंदवहीचा. या व्यवस्थेत २५६ बस (उपकरणं जोडणारे मार्ग), प्रत्येक बसवर ३२ उपकरणं, प्रत्येक उपकरणाची ८ कामं आणि प्रत्येक कामाला ४०९६ बाइटची नोंद असं गृहीत धरलेलं असतं. गुणाकार करा, नेमके २५६ एमबी होतात. माझ्या यंत्रात उपकरणं होती जेमतेम दहा-पंधरा, पण वही पूर्ण छापायची पद्धत. एफच्या पट्ट्यात मग सटरफटर: साउंडला काही केबी, यूएसबीला एखादा केबी, इंटरप्टची व्यवस्था पाहणारे भाग, आणि अगदी टोकाला बायोसची, म्हणजे यंत्र सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची, चिप. डी, ई, एफ. तीन पट्टे, ७६८ एमबी. माझी पाऊण जीबी.

"पण हे सगळे वरच्याच टोकाला का जाऊन बसलेत?" मी विचारलं.

"प्रोसेसर जागा होतो तेव्हा पहिली आज्ञा कुठून वाचतो माहितेय? चार जीबीच्या टोकाला सोळाच बाइट उरलेले असताना. एफएफएफएफएफएफएफ०. तिथे बायोस नसेल तर यंत्र सुरूच होणार नाही. म्हणजे टोक आधीच गेलेलं. मग बाकीचेही रॅमला खालून वाढू देतात आणि आपण वरून खाली येतात. मधे जागा भरपूर, कुणी कुणाला भेटत नाही, असं तेव्हा वाटलेलं." ३२-बिटचा ८०३८६ प्रोसेसर आला १९८५ मध्ये. तेव्हाच्या यंत्रात रॅम मोजायची ती एक-दोन एमबीत. चार जीबी म्हणजे क्षितिजापलीकडचं.

आणि मग मामा हसायला लागला. "तुला ६४० केबीची गोष्ट माहितेय ना? डॉसच्या प्रोग्रामांना तेवढीच जागा; आम्ही त्या ६४० मध्ये काय काय कोंबायचो! माउसचा ड्रायव्हर आत घातला की प्रोग्राम बाहेर. ते ६४० कुठून आले, मोज. आयबीएम पीसी, १९८१. प्रोसेसर ८०८८, पत्त्याच्या रेषा वीस, म्हणजे एकूण पत्ते एक एमबीचे. पाच आकडी. पहिला आकडा एकाने वाढला की ६४ केबी. पडद्याची मेमरी कुठे सुरू व्हायची? ए००००. ए म्हणजे दहा."

दहा गुणिले ६४. सहाशे चाळीस.

"वरचे ३८४ केबी पडद्याचे, कार्डांचे आणि बायोसचे. आणि ८०८८ सुद्धा जागा व्हायचा तो टोकाला सोळा बाइट उरलेल्या जागीच. आमच्या वेळी ए होतं, तुझ्या वेळी डी. आकडे बदलले, घोळ तोच."

६४० केबीची मर्यादा मी वाचलेली होती, डॉसचा एक विक्षिप्तपणा म्हणून. माझ्या टेबलावरच्या यंत्रात तीच वाटणी तीन आकडे लांब करून बसलेली आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

पण ६४-बिट विंडोजला तर चार जीबीच्या पुढचेही पत्ते कळतात. मग तिथेही सव्वातीनच का? कारण पत्त्यांची वाटणी विंडोज करतच नाही. यंत्र चालू होताच बायोस ती करून मोकळा होतो, आणि मेमरी कंट्रोलरला सांगतो की कोणत्या पत्त्याला कुणी उत्तर द्यायचं. विंडोज येतं तेव्हा तयार नकाशा हातात मिळतो. त्या नकाशात पाऊण जीबीला पत्ताच दिलेला नसेल तर विंडोज ६४-बिट असून काय करणार? मामाने सांगितलं, "बायोसमध्ये जा, रिमॅप असं काही दिसतंय का बघ."

प्रगत चिपसेट असं भारदस्त नाव असलेल्या पानावर, तिसऱ्या की चौथ्या ओळीत ते होतं: 'मेमरी रिमॅप फीचर', बंद. मदरबोर्डच्या पुस्तिकेत मी त्याचं स्पष्टीकरण शोधलं. तिथे लिहिलं होतं की ही सोय मेमरी रिमॅप चालू किंवा बंद करते. धन्यवाद.

चालू केलं, जतन केलं, यंत्र पुन्हा सुरू झालं. ४.०० जीबी, कंस गायब. रिसोर्स मॉनिटरमध्ये 'हार्डवेअरसाठी राखीव' हा आकडा पावणेआठशेच्या घरात होता, तो एकेरी झाला. अख्ख्या सुट्टीच्या दिवसाचं फॉरमॅट-इन्स्टॉल एका बाजूला आणि बायोसमधली ही एक ओळ दुसऱ्या बाजूला. अर्थात नुसती ओळ बदलूनही भागलं नसतं. एक्सपीची डिस्क जोडून मी ते करून पाहिलं: रिमॅप चालू, एक्सपी ३२-बिट, आकडा ३.२५ च. दोन्ही लागतात. बायोसने त्या पाऊण जीबीला चार जीबीच्या वर पत्ता द्यायला हवा आणि सिस्टीमने वर बघायला हवं.

आता खरं तर थांबायला हरकत नव्हती, पण ते 'पीएई' डोक्यात राहिलं होतं. म्हणून ३२-बिट लिनक्सची एक सीडी, तीही पीएई कर्नल (सिस्टीमचा गाभा) असलेली, घालून यंत्र सुरू केलं. काही इन्स्टॉल न करता नुसती 'फ्री' आज्ञा दिली. जवळजवळ चारच्या चार जीबी. ३२-बिट! कर्नलच्या सुरुवातीच्या नोंदींत बायोसने दिलेला नकाशा छापलेला असतो. त्यात शेवटची वापरण्याजोगी ओळ एकावर आठ शून्यं इथून सुरू होत होती. एकावर आठ शून्यं म्हणजे सोळामानात बरोबर चार जीबी. तिथून पुढे ७६८ एमबी. माझी पाऊण जीबी तिच्या नव्या पत्त्यावर, चार जीबीच्या वर, जाऊन राहिली होती.

म्हणजे '३२-बिटला चार जीबी दिसत नाहीत' हे सगळ्यांनी मला सांगितलेलं वाक्य अर्धवट होतं. पेंटियम प्रो प्रोसेसरपासून, १९९५ पासून, पीएईमुळे प्रत्यक्ष पत्ते ३६ बिटांचे होऊ शकतात. ३६ बिट म्हणजे ६४ जीबी. ३२-बिट विंडोज सर्व्हर २००८ ची एंटरप्राइझ आवृत्ती ६४ जीबीपर्यंत जातेही. घरगुती एक्सपी, व्हिस्टा आणि विंडोज ७ यांच्या ३२-बिट आवृत्त्या मात्र चार जीबीपलीकडच्या पत्त्यांना हात लावत नाहीत, आणि तसं ठरवून केलेलं आहे. कारण ड्रायव्हर. असंख्य उपकरणांचे ड्रायव्हर पत्ता ३२ बिटांतच मावणार असं धरून लिहिलेले. अशा ड्रायव्हरच्या हाती ३३ बिटांचा पत्ता पडला तर तो वरचा बिट खुशाल छाटणार आणि उरलेल्या पत्त्यावर लिहून टाकणार. तिथे कुणाचंही काहीही असू शकतं. सर्व्हरमध्ये उपकरणं मोजकी आणि पारखून घेतलेली. घरच्या यंत्रात कुणी काय जोडेल याचा नेम नाही. मला हा निर्णय पटतो. मला पाऊण जीबी कमी चालेल, पण फोटोंच्या फाइलच्या मध्यभागी साउंड कार्डाने काही लिहिलेलं नको.

आणि एक्सपीच्या खिडकीत पीएई आधीच का चालू होतं, तेही इथेच उलगडलं. एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून मेमरीतल्या नुसत्या माहितीच्या भागातून आज्ञा चालवू न देण्याचं संरक्षण आलं. 'इथून काही चालवू नको' ही खूण ठेवायला पानांच्या तक्त्यातली (मेमरीचे पत्ते जुळवणाऱ्या यादीतली) नोंद ६४ बिटांची लागते, आणि तशा नोंदी पीएईतच असतात. म्हणून पीएई चालू, पण जास्तीच्या रॅमसाठी नव्हे.

आवृत्त्यांवरही मर्यादा असतात, हा आणखी एक प्रकार. विंडोज ७ च्या स्टार्टरला दोनच जीबी. ६४-बिटमध्ये होम बेसिकला ८, होम प्रीमियमला १६, प्रोफेशनलला १९२. इथे पत्त्यांचा काही प्रश्न नाही; हा आकडा परवान्यासोबत येतो.

एवढ्या खटाटोपाने काय मिळालं? खरं सांगायचं तर पाऊण जीबीने फार काही जाणवलं नाही. फरक पडला तो दोनाचे सव्वातीन झाले तेव्हाच पडला होता. वर ६४-बिट प्रोग्राममध्ये प्रत्येक पॉइंटर, म्हणजे साठवलेला पत्ता, चार बाइटऐवजी आठ बाइटचा, त्यामुळे तेच काम थोडी जास्त मेमरी घेतं. मिळवलेल्या पाऊण जीबीतला थोडा भाग ती परत मिळवण्याच्या सोयीनेच खाल्ला. शिवाय माझ्या स्कॅनरला ६४-बिट ड्रायव्हर नव्हता, आणि एक लाडका १६-बिट शब्दकोश ६४-बिट विंडोजवर उघडेचना. एक्सपीची डिस्क त्या दोघांसाठी जोडलेलीच ठेवली.

पुढे एका मित्राने फोन केला. "तू केलंस तसं ६४-बिट टाकलं लॅपटॉपवर. तरी ३.१९. तुझ्यापेक्षाही कमी!" त्याच्या बायोसमध्ये रिमॅपची ओळच नव्हती, कारण त्याचा चिपसेट (प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणारा भाग) चार जीबीपलीकडचा पत्ता ओळखतच नव्हता, प्रोसेसर ६४-बिट असला तरी मधला दरवाजा ३२ चाच. सव्वातीनातले आणखी ६४ एमबी अंगभूत ग्राफिक्सने घेतलेले. तिथे मात्र रॅम खरोखरच खाल्लेली होती. त्याने विचारलं, "मग एक पट्टी काढून टाकू का?" मी म्हटलं, राहू दे. दोनपेक्षा ३.१९ जास्तच, आणि दोन्ही पट्ट्या जोडीने असल्या की वेगही बरा मिळतो.

माझं यंत्र पुढे बरीच वर्षं चाललं. एकदा सकाळी सुरू केलं तर घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं आणि ब्राउझर प्रत्येक पानाच्या प्रमाणपत्रावर शंका घेतोय. बायोसची बॅटरी संपली होती. नवी घातली, तारीख दुरुस्त केली. मग सहज प्रॉपर्टीज उघडल्या. ४.०० जीबी, आणि पुढे कंसात ३.२५. बायोस मूळ पदावर आला होता, रिमॅप बंद. पुन्हा त्याच पानावर गेलो. ओळ चौथीच होती.